एंजल्स अँड डेमन्स: आधीच्या कादंबरीचा 'पुढचा' चित्रपट कसा झाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅन ब्राऊनची पुस्तकं वाचणारे आणि रॉन हॉवर्डचे चित्रपट पाहणारे भेटले की तेच ते प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून टाकतो. एक सावधगिरीची सूचना: खाली कटामागचा माणूस कोण, हे उघड सांगितलं आहे. पुस्तक किंवा चित्रपट अजून बाकी असेल तर आधी तो संपवा, मग इथे या.

कादंबरी आधीची आणि चित्रपट नंतरचा, हा घोळ नेमका काय आहे?

'एंजल्स अँड डेमन्स' ही कादंबरी २००० साली आली. हार्वर्डचा चिन्हशास्त्राचा प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन याची ही पहिली कथा. तेव्हा ती फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. मार्च २००३ मध्ये 'द दा विंची कोड' आली आणि तिने दुकानांतली फडताळंच्या फडताळं रिकामी केली. मग वाचक मागे वळले आणि आधीचं पुस्तक धुंडाळू लागले. म्हणजे लेखकाने पहिली लिहिलेली गोष्ट बहुतेकांनी दुसरी वाचली.

चित्रपटवाल्यांनी हाच वाचकांचा क्रम उचलला. 'दा विंची कोड' मे २००६ मध्ये आला आणि 'एंजल्स अँड डेमन्स' १५ मे २००९ रोजी, त्याचा पुढचा भाग म्हणून. पुस्तकांत व्हॅटिकनचं प्रकरण आधी घडतं आणि पॅरिसचं नंतर. पडद्यावर आधी पॅरिस, मग व्हॅटिकन.

नुसता क्रम उलटवला, त्यात काय एवढं?

माझ्या मते या रूपांतरातला सगळ्यात हुशार निर्णय हाच आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

कादंबरीत लँग्डन हा व्हॅटिकनच्या दृष्टीने कुणीच नाही. त्याला पहाटे फोन येतो, मग एका प्रेताच्या छातीवर डागलेल्या शब्दाचा फोटो फॅक्सवर येतो, आणि तो बोलावतील तिकडे जातो. त्याला बोलावते ती स्वित्झर्लंडमधली 'सर्न' ही प्रयोगशाळा. चर्चचा त्याच्याशी संबंध येतो तो पुष्कळ पानांनंतर.

चित्रपटात मात्र खुद्द व्हॅटिकनचा माणूस हार्वर्डच्या तरणतलावाच्या काठाशी येऊन उभा राहतो. ज्याने मागच्या वेळी चर्चला नको ते उकरून काढलं, ज्याचे जुनी कागदपत्रं पाहण्याचे अर्ज चर्चने पुन्हा पुन्हा फेटाळले, त्याच्याच दारात जायची पाळी चर्चवर आली आहे. 'अडला हरी' म्हणतात तो हाच. त्यामुळे प्रत्येक दालनात लँग्डन शिरला की समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते आणि प्रसंगात आपोआप ताण येतो. कादंबरीत हा ताण नाही, तिथे लँग्डनचं कुतूहल आहे.

याची किंमतही मोजावी लागली. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी येशूच्या वंशाचं गुपित कळलेला हा माणूस दुसऱ्यात त्याबद्दल सरळ काहीच बोलत नाही, सगळं आडून आडून चालतं. पुढचा भाग म्हणायचं, पण मागचं ओझं उचलायचं नाही, अशी ही सोय आहे. खटकते, पण पटकन विसरायलाही होते, कारण घड्याळ सुरू झालेलं असतं.

पटकथा कोणाची?

अकिवा गोल्ड्समन आणि डेव्हिड केप या दोघांची. पहिल्या चित्रपटाची पटकथा गोल्ड्समनने एकट्याने लिहिली होती. केप म्हणजे 'जुरासिक पार्क' आणि पहिल्या 'मिशन: इम्पॉसिबल'च्या पटकथांमध्ये ज्याचं नाव आहे तो. पळापळ लिहिण्यात त्याचा हातखंडा, आणि ते दिसतं.

मध्येच हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला, ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८. आधी डिसेंबर २००८ मध्ये येणारा चित्रपट त्यापायी मे २००९ वर गेला.

पहिल्या चित्रपटापेक्षा हा जास्त वेगवान का वाटतो?

कादंबरीच तशी आहे. पोप वारलेत, नवा निवडायला जमलेल्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी, म्हणजे कार्डिनलांपैकी, चौघे पळवले गेलेत, रात्री आठ, नऊ, दहा आणि अकरा वाजता एकेकाला मारणार, आणि मध्यरात्री सर्नमधून चोरलेल्या प्रतिद्रव्याने व्हॅटिकन उडणार. पृथ्वी, वायू, अग्नी, जल या क्रमाने चार खून आणि रोममधल्या चार जागा. पटकथाकाराला याहून सोपा सांगाडा कुठे मिळणार? 'दा विंची कोड'मध्ये माणसं बसून इतिहास सांगतात. वाचताना मजा येते, पडद्यावर जांभई येते. इथे लँग्डन इतिहास सांगतो, पण गाडीत, जिन्यात, धावता धावता. माहिती तेवढीच, फक्त माणूस उभा नाही.

पहिल्या चित्रपटातले लँग्डन झालेल्या टॉम हँक्सचे लांब केस थट्टेचा विषय झाले होते. दुसऱ्यात ते कापले. कथेशी याचा काही संबंध नाही, पण हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे.

कादंबरीतलं काय काय गाळलं?

बरंच. बोस्टनहून जिनिव्हाला तासाभरात पोचवणारं ते अचाट विमान गेलं. बीबीसीचा बातमीदार आणि त्याची कॅमेरावाली हे अख्खं उपकथानक गेलं. सर्नचा चाकाच्या खुर्चीतला संचालक कोहलर गेला. लँग्डन आणि सर्नमधली शास्त्रज्ञ व्हित्तोरिया यांच्यातलं शेवटचं प्रेमप्रकरण गेलं, तिचं अपहरणही गेलं. या शेवटच्याबद्दल तक्रार नाही. पुस्तकात शिकलेली सवरलेली शास्त्रज्ञ बाई शेवटी सुटकेची वाट बघत बांधून ठेवलेली आढळते, आणि ते २००० सालीही जुनाटच होतं.

कोहलरचं काम पोपचे रक्षक असलेल्या स्विस गार्डांचा प्रमुख रिक्टर याच्याकडे दिलं आहे. ज्याच्यावर आपला संशय जावा आणि ज्याच्याकडे शेवटी खरा पुरावा सापडावा, असा माणूस कथेला लागतोच. पुस्तकात तो जिनिव्हाहून येतो, चित्रपटात तो आधीपासून व्हॅटिकनच्या आतच आहे. एक पात्र वाचलं आणि संशयही घरातल्या घरात राहिला. रूपांतर करणाऱ्यांना 'पात्रं एकत्र करणं' म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर हे उदाहरण घ्यावं.

इतर नावंही हलली आहेत. पुस्तकातला कॅमरलेंगो, म्हणजे पोप वारल्यावर नवा निवडेपर्यंत कारभार पाहणारा पदाधिकारी, इटालियन कार्लो व्हेंत्रेस्का पडद्यावर आयर्लंडकडचा पॅट्रिक मॅकेना होतो, कारण भूमिका युअन मॅग्रेगरची. पुस्तकात ऑलिव्हेत्ती हा गार्डांचा अधिकारी, चित्रपटात तो पोलीस इन्स्पेक्टर.

यातली सर्वात वाईट कात्री कोणती?

व्हित्तोरियाच्या वडिलांवर चाललेली.

पुस्तकात सर्नमध्ये मारला जाणारा लिओनार्दो व्हेत्रा हा शास्त्रज्ञही आहे आणि कॅथलिक धर्मगुरूही. व्हित्तोरिया ही त्याने अनाथाश्रमातून दत्तक घेतलेली मुलगी. प्रयोगशाळेत विश्वाच्या जन्माचा क्षण उभा करून देव आणि विज्ञान यांची गाठ घालता येईल, असं त्याला वाटतं. सगळा कट त्याच्या याच विचाराच्या भीतीतून उभा राहतो. म्हणजे तो मेलेला असला तरी कादंबरीचा कणा तोच आहे.

चित्रपटात त्याच्या जागी सिल्व्हानो नावाचा सहकारी येतो आणि पहिल्या काही मिनिटांत मरतो. व्हित्तोरियाला त्याचं वाईट वाटतं, पण तेवढंच. मग कॅमरलेंगोने एवढं रामायण का घडवलं, हे शेवटी संवादातून समजावून सांगावं लागतं. पुस्तकात कॅमरलेंगो हा दिवंगत पोपचा, कृत्रिम गर्भधारणेतून झालेला, खरा मुलगा निघतो. वडिलांना मारल्यावर त्याला ते कळतं. ग्रीक नाटकाच्या तोडीचं हे वळण चित्रपटाने सोडून दिलं. तिथे तो पोपने सांभाळलेला मुलगा आहे, बस. दोन बाप-लेकांच्या जोड्या समोरासमोर होत्या, दोन्ही गेल्या. वेग मिळाला तो याच्या बदल्यात.

मारेकरी का बदलला?

पुस्तकात तो मध्यपूर्वेतला 'हसासिन' आहे, बायकांविषयीच्या विकृतीसकट. चित्रपटात तो चष्मा लावणारा, पैसे घेऊन काम करणारा, शांत युरोपीय माणूस आहे. डॅनिश नट निकोलाय ली कास याने ती भूमिका केली. त्याला कोणताही धर्म सिद्ध करायचा नाही, खात्यात पैसे जमा झाले की झालं. २००० आणि २००९ यांच्या मध्ये २००१ येऊन गेलं होतं. अरब खुनी हे तेव्हा अगदीच आयतं आणि घातक सोंग ठरलं असतं. माझ्या मते नवा मारेकरी जुन्यापेक्षा सरस आहे. तो लँग्डनला सोडून देतो तो प्रसंग पुस्तकात असूच शकला नसता.

चौथा कार्डिनल वाचतो हे खरं का?

चित्रपटात वाचतो. पियाझ्झा नव्होनाच्या कारंज्यातून लँग्डन त्याला बाहेर काढतो आणि शेवटी तोच पोप होतो. पुस्तकात चारही मरतात. पडद्यावर प्राध्यापकाने निदान एक तरी जीव वाचवावा, नाहीतर एवढ्या धावपळीचं फलित काय, असा विचार झाला असणार.

हेलिकॉप्टरचा प्रसंगही बदलला आहे. पुस्तकात लँग्डन त्यात असतो आणि पॅराशूटशिवाय, ताडपत्रीसारखं कापड धरून उडी मारतो. वाचताना मीही पुस्तक बाजूला ठेवून हसलो होतो. चित्रपटात कॅमरलेंगो एकटाच वर जातो. शहाणपणाचा बदल.

चित्रपट खरंच व्हॅटिकनमध्ये चित्रित झाला का?

नाही. व्हॅटिकनचा प्रश्नच नव्हता, आणि रोमच्या धर्मप्रांतानेही आपल्या चर्चमध्ये चित्रीकरणाला २००८ मध्ये नकार दिला. त्यात सान्ता मरिया देल पोपोलो आणि सान्ता मरिया देल्ला व्हित्तोरिया ही कथेतली दोन महत्त्वाची चर्च होती. एरवी आम्ही संहिता वाचतो, यावेळी ब्राऊनचं नाव ऐकूनच निर्णय झाला, अशा आशयाचं धर्मप्रांताच्या प्रवक्त्याचं म्हणणं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं.

मग काय केलं? पर्यटक म्हणून आत जाऊन फोटो काढायला कुणी अडवत नाही. तसे ढिगाने फोटो काढले, मोजमापं काढली आणि चर्चचे अंतर्भाग लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभे केले. सेंट पीटर चौकाचा काही भाग इंगलवूडच्या हॉलिवूड पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर बांधला. उरलेले खांब, घुमट आणि गर्दी संगणकाने जोडली. व्हॅटिकनच्या आतली काही भव्य दालनं म्हणून जे दिसतं ते नेपल्सजवळचा कासेर्ताचा राजवाडा आहे. रोमचे रस्ते, चौक मात्र खरे.

जगातला पहिला खेळ ४ मे २००९ रोजी रोममध्येच झाला. परवानग्या मिळण्यात व्हॅटिकनने आडकाठी केली, असं हॉवर्डने तिथे पत्रकारांना सांगितलं. गंमत म्हणजे चित्रपट पाहिल्यावर 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या व्हॅटिकनच्याच दैनिकाने तो निरुपद्रवी करमणूक आहे असं लिहिलं. कट-कारस्थानाच्या चित्रपटाला यापेक्षा मोठा अपमान दुसरा नसेल.

पाव ग्रॅम प्रतिद्रव्याने खरंच शहर उडेल?

हिशोब बरोबर आहे, माल मिळणं अशक्य आहे.

प्रतिद्रव्याचा कण साध्या द्रव्याला भेटला की दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांच्या सगळ्या वस्तुमानाची ऊर्जा होते. पाव ग्रॅम प्रतिद्रव्य सोबत पाव ग्रॅम द्रव्यही घेऊन जाणार, म्हणजे एकूण अर्धा ग्रॅम. आइन्स्टाइनच्या सूत्रात घाला, सुमारे ४५ लाख कोटी ज्यूल येतात. टीएनटीच्या भाषेत १० किलोटनांहून थोडं जास्त. हिरोशिमावरचा बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा होता. तेव्हा भीती खोटी नाही.

पण सर्नने आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य एका ठिकाणी आणून जाळलं तरी एखादा विजेचा दिवा काही मिनिटं जळेल, असं सर्नचे शास्त्रज्ञच सांगतात. ग्रॅमभर बनवायचं तर आजच्या वेगाने अब्जावधी वर्षं लागतील. शिवाय बनवायला जेवढी ऊर्जा घालावी लागते तिच्या तुलनेत परत मिळते ती नगण्य, त्यामुळे 'उद्याचं इंधन' वगैरे कल्पना कथेपुरतीच. चित्रपटात ते लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये तयार होताना दाखवलं आहे. प्रत्यक्षात सर्नमध्ये प्रतिप्रोटॉनचं काम वेगळ्या आणि पुष्कळ छोट्या यंत्रावर चालतं. चुंबकीय क्षेत्रात ते अधांतरी धरून ठेवायचं ही कल्पना मात्र खरी आहे. फक्त एकाच विद्युतभाराचे कण एकमेकांना ढकलतात, म्हणून त्या बाटलीत मावतात ते फार थोडे.

सर्नने यावर चिडण्याऐवजी संधी साधली. चित्रपटाच्या मंडळींना प्रयोगशाळा दाखवली आणि लोकांसाठी 'यात खरं काय, खोटं काय' हे समजावून सांगितलं. व्हॅटिकनने दार लावलं, सर्नने उघडलं. श्रद्धा विरुद्ध विज्ञान या कथेला याहून चपखल प्रसिद्धी कुणी विकत घेऊन मिळाली नसती. आपल्याकडचा धागा सांगायचा तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सर्नच्या सीएमएस प्रयोगात आहेत, भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, आणि त्या आवारात भारताने २००४ साली भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे. तिच्यावरून वेगळी कारस्थानं रचणारे लोकही आंतरजालावर आहेत, पण ती दुसरी कादंबरी.

इल्युमिनाटी खरे होते का?

होते, पण कथेत ज्या गुप्त संघटनेवर कटाचं खापर फोडलं जातं ते हे नव्हेत. आदाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने १ मे १७७६ रोजी बव्हेरियातल्या इंगोलश्टाटमध्ये ही गुप्त मंडळी स्थापन केली. दहा वर्षांच्या आत तिथल्या शासकाने बंदी घालून ती मोडली. गॅलिलिओ १६४२ मध्ये गेला, शिल्पकार बर्निनी १६८० मध्ये. म्हणजे कथेत ज्यांना या संघटनेचे आधारस्तंभ म्हटलंय ते दोघेही ती जन्मण्याच्या किती तरी आधी गेलेले. बर्निनी तर पोपच्या मर्जीतला कलावंत होता. कादंबरीचं यश असं की हे ठाऊक असूनही वाचताना आठवत नाही.

उलटसुलट कसंही धरलं तरी तेच वाचता येणारे ते शब्द, म्हणजे अँबिग्राम, जॉन लँग्डन या कलावंताने रेखाटले. नायकाचं आडनाव त्याच्यावरूनच आलं. चित्रपटात छातीवर उठवलेला शेवटचा डाग बदलून पोपच्या किल्ल्यांच्या चिन्हाचा केला आहे. पुस्तकातला हिऱ्यासारखा डाग पाहण्यासाठी पुस्तकच उघडावं लागेल.

पोपच्या निवडणुकीची दृश्यं एवढी खरी का वाटतात?

कादंबरी आली तेव्हा जॉन पॉल दुसरे हे १९७८ पासून पोप होते. तरुण वाचकाने कॉन्क्लेव्ह, म्हणजे पोप निवडणारी कार्डिनलांची बैठक, पाहिलेलंच नव्हतं, लेखक सांगेल ते खरं. २००५ च्या एप्रिलमध्ये सगळ्या जगाने टीव्हीवर अंत्ययात्रा पाहिली, काळा-पांढरा धूर पाहिला. चित्रपटाला ते सगळं माहीत असलेला प्रेक्षक मिळाला, आणि दिवंगत पोपची अंगठी मोडण्याच्या विधीने सुरुवात करून हॉवर्डने त्याचा नेमका उपयोग केला. एक ढील घेतली आहे ती अशी की कॅमरलेंगो हा पदाधिकारी प्रत्यक्षात सहसा कार्डिनल असतो, साधा तरुण पाद्री नव्हे.

पहिल्या चित्रपटासारखा वाद का पेटला नाही?

पहिल्यात येशूच्या लग्नाचा मुद्दा होता, तो श्रद्धेच्या मुळावर जात होता. भारतात त्याला 'ए' प्रमाणपत्र आणि 'ही कथा काल्पनिक आहे' अशी सूचना जोडून सोडलं, तरीही गोव्यासह काही राज्यांनी २००६ मध्ये बंदी घातली. आंध्रातली बंदी पुढे उच्च न्यायालयाने उठवली. मुंबईतही कॅथलिक संघटना रस्त्यावर आल्या होत्या. दुसऱ्यात एक भरकटलेला पाद्री आणि बाकी सगळे सज्जन कार्डिनल; चिडायचं कशावर?

गल्ल्यातही ते दिसलं. पहिल्याने जगभरात सुमारे ७६ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने सुमारे ४८.५ कोटी. दुसरा चित्रपट म्हणून जास्त बांधीव आहे असं माझं मत, पण पहिल्याची निम्मी जाहिरात निषेधवाल्यांनी फुकट केली होती.

मग 'द लॉस्ट सिम्बॉल' या लँग्डनच्या तिसऱ्या कादंबरीचा चित्रपट का नाही?

विचार चालू होता, पण तिसरा चित्रपट 'इन्फर्नो' झाला, २०१६ मध्ये, आणि त्याचा गल्ला सुमारे २२ कोटींवर थांबला. 'लॉस्ट सिम्बॉल'ची २०२१ मध्ये मालिका आली, तरुण लँग्डन आणि नवा नट घेऊन.

आधी काय पाहू, काय वाचू?

पुस्तकं लिहिली त्या क्रमाने, चित्रपट आले त्या क्रमाने. दोन्हींची सरमिसळ केली तर लँग्डन व्हॅटिकनला ओळखतो की नाही, याचं उत्तर दर वेळी वेगळं येईल.

युरोप टूरमध्ये रोमचे दोन दिवस आहेत. चारही जागा होतील?

एका दिवसात, चालत होतील. सुरुवात सान्ता मरिया देल पोपोलोपासून करा. डाव्या बाजूचं किजी चॅपेल म्हणजे कथेतली 'पृथ्वी'. राफाएलने योजलेल्या पिरॅमिडसारख्या समाध्या, बर्निनीने घडवलेले देवदूत आणि संदेष्टा हबक्कुक, आणि जमिनीत जडवलेला सांगाडा, सगळं तिथे आहे. तिथून सेंट पीटर चौक, मग सान्त आंजेलो किल्ला, पियाझ्झा नव्होनाचं चार नद्यांचं कारंजं, आणि शेवटी सान्ता मरिया देल्ला व्हित्तोरियातलं बर्निनीचं संत तेरेसाचं शिल्प. हे शेवटचं चर्च पुस्तकात पियाझ्झा बार्बेरिनीवर आहे असं लिहिलंय. तिथे शोधत बसू नका, ते जरा पुढे, व्हेंती सेत्तेम्ब्रे रस्त्यावर आहे.

पोपोलोमध्ये किजी चॅपेल पाहून लगेच निघू नका. वेदीच्या डावीकडे कॅराव्हॅज्योची दोन चित्रं आहेत, ज्यांचं लँग्डनला घाईत काहीच देणंघेणं नव्हतं. खिशात सुटी नाणी ठेवा; मी गेलो तेव्हा त्यांच्यावरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागायचा.